नावापुढची खरज

सुकदेव मास्तराबद्दल चांगलं सांगायचं म्हटलं तर मला आधी तांब्याभर पाणी प्यावं लागेल. म्हणून वाईटापासून सुरुवात करते. ते सोपंही आहे आणि खरंही आहे.

सुरतेत मास्तर दोन प्रकारचे. एक शाळेतला, तो पोरांना मारतो. दुसरा कापडाच्या कारखान्यातला, तो लूम बंद पडला की लूमला मारतो. सुकदेव हा दुसरा, पण आमच्याशी वागायचा पहिल्यासारखा. उंच, वाळका, शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. शर्टाच्या खिशात तीन रंगांच्या पेन्सिली. राहायला गोडादऱ्याला, आमच्या नवागामात यायचा सायकलवर, आणि सायकल लावतालावताच कोणाचं तरी काहीतरी चुकलेलं असायचं. बोलायचा तो ओरडून. आणि समोरच्याशी बोलताना डोळ्यांत बघायचा नाही, तोंडाकडे बघायचा. बायांना ते फार खटकायचं. मलाही. अडुसष्टाव्या वर्षी माझ्या तोंडात बघण्यासारखं चार दातांपलीकडे काही उरलेलं नाही, तरी खटकायचं.

त्याचं मूळ गाव नवापूरच्या पुढे, अगदी गुजरातच्या हद्दीला. बाप तिथल्या एका मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकी होता. घरात आपले देव, पण संध्याकाळी वसतिगृहातली पोरं प्रार्थना म्हणायला उभी राहिली की हाही त्यांच्यात जाऊन उभा राहायचा. तिथे म्हणे गाणाऱ्यांच्या चार रांगा करत. बायांचा वरचा आवाज, बायांचा खालचा, पुरुषांचा वरचा, पुरुषांचा खालचा. गाणं एकच, पण चौघांची वाट निरनिराळी, आणि तरी कोणी कोणाला धडकत नाही. पोराच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. बाप वारला, सतराव्या वर्षी हा मामाकडे गोडादऱ्याला आला आणि लुमांत शिरला. छत्तीस वर्षं राबला.

त्याचं काम डॉबीचं. साडीच्या काठाला नक्षी हवी असेल तर लूमच्या डोक्यावर डॉबी बसवतात, आणि त्या नक्षीसाठी आधी चौकटीच्या कागदावर घरं भरतात. भरलेलं घर म्हणजे दोरा वर, कोरं घर म्हणजे दोरा खाली. पुढे वॉटरजेट मशिनी आल्या, डॉबी भंगारात गेली आणि मास्तर साड्यांच्या घड्या घालायला बसला. कागद तेवढे घरी घेऊन आला. त्या कागदांवर मग त्यानं आमची गाणी मांडायला घेतली, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांत कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, डोळे रेखायचे, चौरंगावर मांडायची, गव्हाचे रोट करायचे, गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पोचवायची. नवागामात आमच्या मंडळाची कानबाई पत्र्याच्या शेडमध्ये बसते. रीत अशी की बाया आत बसून गाणार आणि पुरुष बाहेर ढोलकी बडवणार. आत एक गाणं, बाहेर भलतंच. देवी बिचारी मधोमध. आणि आतल्या गाण्याची पहिली ओळ उचलायची कोणी, तर मी. एकोणतीस वर्षं. कोणी नेमलं नव्हतं, पण दुसऱ्या कोणाची उचलायची छाती नव्हती.

सुकदेव मंडळात आला आणि म्हणाला, बाया आणि पुरुष एकत्र उभे करतो, चार आवाजांत गाणं बसवतो. मंडळाचे मुख्य बळीरामभाऊ. त्यांचं किराण्याचं दुकान आहे आणि त्यांच्या भाच्याचा डीजे आहे, त्यामुळे गाणं या विषयावर त्यांचं मत ठरलेलं.

ते म्हणाले, "बाया आणि गडी एका रांगेत? हे काय देऊळ आहे का चर्च?"

"पत्र्याची शेड आहे," सुकदेव म्हणाला.

भाऊंना राग आला. पण चार माणसं हसली होती, म्हणून त्यांनी राग गिळला. म्हणाले, "एक वर्ष देतो. रविवारी मायपुढे गाणं नीट झालं तर पुढेही गा. नाही झालं तर पुढच्या वर्षी डीजे लागेल, बाया आपापल्या घरी आणि मास्तर, तुम्ही तुमच्या घड्या घाला."

म्हणजे त्याचं सगळं त्या एका रविवारवर आलं. हे मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी त्यानं एकेकाला पुढे बोलावून आवाज बघितला. हाताशी एक मोडकी पेटी, तिच्या निम्म्या पट्ट्या मुक्या. माझी पाळी आली. मी नेहमीची ओळ उचलली, माझ्या सासूनं शिकवलेली, "वनी व माय कानबाई, अंगणमा उजेड पडना." वनी म्हणजे आली. आली ग आई, अंगणात उजेड पडला.

तो माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मालतीबाई, वर जाताना तुम्ही ढकलता. आवाज फाटतो. खाली या."

नवागामात मला सगळे मावशी म्हणतात. मालतीबाई मला फक्त रेशनच्या दुकानात म्हणतात.

मी खाली आले.

"अजून खाली."

आले.

"अजून."

"आता विहिरीत उतरू का?" मी विचारलं.

शेड हसली. तो नाही हसला. मी अगदी तळाला गेले, जिथे मी नातवंडांना झोपवतानाच जाते. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडावरची नजर काढली आणि डोळे मिटले.

"हं," म्हणाला. "दळणासारखा आहे. हाच पाहिजे."

आणि पहिली ओळ त्यानं दिली वर्षाला. वर्षा माझी सून. इथे सुरतेतच, उधन्यात जन्मलेली, गुजराती शाळेत शिकलेली, अहिराणी गाणं म्हणते तेही गरब्याच्या अंगानं. माझा मुलगा इच्छापोरला कंत्राटी कामावर असतो, त्यामुळे घरात दिवसभर आम्ही दोघीच, आणि आता गाण्यातही दोघी. ती वर, मी खाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भिंतीला कागद चिकटवला. सगळ्यांची नावं आणि नावापुढे आवाज. मी दुसरी पास आहे. छापील अक्षर मला वेळ दिला तर येतं, पण मास्तराचं अक्षर म्हणजे तुटलेले धागे. वर्षानं वाचून दाखवलं. वर्षा, वरचा. ज्योती, वरचा. अमकी, मधला. तमकी, मधला. माझ्या नावाशी ती थांबली.

"वाच की."

"आई, तुमच्यासमोर खरज लिहिलंय."

"म्हणजे?"

ती माझ्या कानाशी आली. "गुजरातीत खरज म्हणजे खंजवाळ. खाज."

तिनं कानाशी सांगितलं, पण ज्योतीचे कान मांजराचे आहेत. ती मागून म्हणाली, "आपण खरूज म्हणतो, तेच का?"

आता त्या वर्षी मी घरबसल्या साड्यांवर खडे चिकटवायचं काम घेत होते. त्याला जो गम लागतो त्यानं माझी बोटं उलली होती. लाल चट्टे, भेगा, आणि दुपार झाली की अशी खाज सुटायची की भिंतीला हात घासावे वाटत. मी हात पदराखाली ठेवायची. कोणाला दिसलं नाही असं मला वाटत होतं. आणि या माणसानं ते भिंतीवर लावलं. एवढंच नाही, बायांच्या रांगेपासून मला दोन हात लांब उभं केलं, पुरुषांच्या कडेला, एकटीला.

"तुम्ही काठाला," म्हणाला.

त्यानंतर शेडमधल्या माठावरचा माझा ग्लास वेगळा झाला. कोणी बोललं नाही. ज्योती घरून बाटली आणायला लागली. एकीनं माझ्यासमोर निंबाचा पाला आणून ठेवला आणि देवीसाठी आणलाय म्हणाली. कानबाईला निंब लागत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे.

कोणी म्हणेल, त्यालाच का नाही विचारलंस? विचारायचं काय? माझे हात बघून लिहिलं का, असं? मग हात पुढे करून दाखवावे लागले असते. आणि तालीम सोडून घरी बसावं तर ज्योती म्हणाली असती, बघा, होतीच. म्हणून मी रोज गेले. रोज दोन हात लांब उभी राहिले आणि रोज त्याच्याशी भांडले.

तो म्हणायचा, "मालतीबाई, चौथ्या घरात थांबा."

"चार घरं सोडून तुमच्याच घरी येते ना थांबायला."

"घर म्हणजे कागदावरची चौकट."

"ते समजलं. तुम्हाला काय समजलं ते सांगा."

एकदा मी अहिराणीत विचारलं, "तुनी जीभ शे का धोटा?" लूममधला धोटा कसा इकडून तिकडे ठोकत जातो, तशी याची जीभ. त्यानं माझं तोंड नीट वाचलं आणि म्हणाला, "एवढं तोंड गाण्यात चालवा. धोट्यानं निदान कापड तरी होतं."

एक मात्र कबूल करते. ते चौकटीचे कागद सगळ्यांत आधी मला वाचता आले. शिकलेल्या पोरी घरं मोजताना चुकायच्या, मी नाही. भरलेलं घर गायचं, कोरं घर गप्प बसायचं. आयुष्यभर मी तेच करत आलेय, फक्त कागदावर कोणी मांडून दिलं नव्हतं. लाल घरं वर्षाची, निळी मधल्या बायांची, हिरवी गड्यांची. माझी त्यानं काळ्या शिसपेन्सिलीनं भरली होती. तीनच सूर. एकटीनं म्हटले तर खरंच दळण. पण एका दुपारी चारही आवाज पहिल्यांदा एकदम उभे राहिले. पुरुष खालून घुमत होते, त्यांच्यावर माझे तीन सूर, त्यांच्यावर मधल्या बाया आणि सगळ्यांच्या डोक्यावर वर्षाची ओळ. माझ्याच सासूचं गाणं मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखं वाटलं. अंगावर काटा आला, आणि तो गमाचा नव्हता. मी मुद्दाम एकदा गप्प बसून बघितलं, तर वर्षाची ओळ लगेच लोंबकळायला लागली, दोरी तुटलेल्या पाळण्यासारखी. मास्तरानं तिथल्या तिथे हात वर करून गाणं थांबवलं.

तेव्हा मला कळलं की याला दुखवायचं असेल तर कुठे मारायचं.

रविवार उजाडला. रोट भाजले गेले, नारळाला नथ चढली, शेड भरली. आम्ही रांगा लावल्या. मास्तर नेहमीसारखा आमच्याकडे तोंड करून, म्हणजे देवीकडे पाठ करून उभा राहिला.

बळीरामभाऊ पुढे आले. "मास्तर, मायकडे पाठ करायची नाही. आपल्यात चालत नाही."

"मला यांची तोंडं दिसली पाहिजेत," सुकदेव म्हणाला.

"बायकांची तोंडं बघायची एवढी हौस आहे का तुम्हाला?"

सगळी शेड हसली. मी पण हसले. सुकदेवचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला. त्यानं रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि देवीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. राहायच्या आधी माझ्याजवळून गेला आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "मालतीबाई, माझ्या पाठीशी राहा. सोडू नका."

मला वाटलं, आणखी एक हुकूम.

पहिलं कडवं मी त्यानं सांगितलं तसं गायले. दुसऱ्या कडव्याला मी माझे तीन सूर सोडले आणि एकोणतीस वर्षांच्या जागी, वर, वर्षाच्या डोक्यावर जाऊन बसले. भरल्या गळ्यानं. वर्षानं दचकून माझ्याकडे पाहिलं.

मास्तराची मान एका बाजूला कलली. सत्तर लुमांत एक लूम बंद पडला की मास्तर जशी मान कलवून कान लावतो, तशी. मग त्यानं डाव्या हातानं पुरुषांना खूण केली, आणि ती अर्धी ओळ आधीच केली. पुरुष घुसले. मधल्या बाया बिचकल्या. वर्षा थांबली. एकेक करून सगळेच थांबले, शेवटी मीही.

त्याचा हात थांबला नाही. कागदावर पुढची घरं बायांची होती, गड्यांची कोरी.

शेडमध्ये गाणं नव्हतं, ढोलकी नव्हती, आणि त्याचा उजवा हात ठेका देत होता. चार घरं. आठ घरं. कोणीतरी हसलं. मग जास्त जण हसले. तो हात देत राहिला, तोंड देवीकडे. शेवटी ढोलकीवाल्यानं उठून त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो वळला आणि त्याला आमची मिटलेली तोंडं दिसली.

"झालं," बळीरामभाऊ म्हणाले. "पुढच्या वर्षी डीजे."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. संध्याकाळी मी दोन रोट जास्त खाल्ले.

मंगळवारी त्याची बायको पार्वती आमच्या दारात आली. मी तिला ओळखतही नव्हते. तिनं भिंतीवरचा तो कागद काढून आणला होता. आत आली, बसली नाही.

"खरज म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी हात पदराखाली घेतले. "ठाऊक आहे. खाज."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खाज?"

"खंजवाळ," चुलीकडून वर्षा म्हणाली. आमच्याकडे गॅस आहे, पण अशा वेळी ती चुलीकडूनच बोलल्यासारखी बोलते.

"खरज म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा सूर," पार्वती म्हणाली. "तंबोऱ्याची शेवटची जाड तार असते, तिलाही खरजच म्हणतात. तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं ते मी सांगितलं. हातही दाखवले, कारण आता लपवून काय करायचं होतं. तिनं ते बघितले. वाईट वाटल्यासारखं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही.

मी म्हणाले, "मग सरळ खालचा लिहायचं. सगळ्यांना वरचा, मधला, आणि मलाच एकटीला हे कसलं नाव?"

"तुमचा मान ठेवायला. घरी बसून अर्धा तास विचार केला त्यानं. म्हणाला, एवढी वर्षं पहिली ओळ उचलणारी बाई, तिला खालचा म्हटलं तर कमीपणा वाटेल."

आता बघा. या माणसानं जन्मात एकदाच कोणाचं मन राखायला शब्द शोधला, आणि तो असा निघाला.

"आणि तो तोंडं बघतो ते हौसेनं नाही," पार्वती म्हणाली. "त्याचे कान गेलेत. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, कुकरची शिट्टी. मग मी. दोन वर्षं झाली, मी हाक मारते ती त्याला पोचत नाही, मला पुढे जाऊन उभं राहावं लागतं. जाड आवाज तेवढे येतात अजून. पहिल्या तालमीहून आला आणि जेवताना म्हणाला, नवागामात एक बाई आहे, तिचा आवाज मला ऐकू येतो. बाकीच्या बाया मी तिच्यावर टांगीन." तिनं कागद माझ्यापुढे ठेवला. "माझा येत नाही. तुमचा येतो. मला तुमचा राग त्या दिवसापासून आहे, मालतीबाई. रविवारी फक्त त्याला कारण मिळालं."

"पाणी घे," मी म्हणाले.

"तुमच्याकडचं पाणी नको मला."

दोन महिने लोक माझ्याकडचं पाणी हातामुळे घेत नव्हते. ही पहिली, जिनं खऱ्या कारणानं नाकारलं. ती गेली, कागद माझ्याकडेच राहिला.

आठ दिवसांनी मंडळाची बैठक होती. बैठकीत बाया जात नाहीत. मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. सात-आठ माणसं, बळीरामभाऊ खुर्चीत, आणि सुकदेव कोपऱ्यात त्याची पेटी न्यायला आलेला.

"भाऊ, गाणं मी बिघडवलं," मी म्हणाले. "मुद्दाम. मास्तराची चूक नव्हती."

भाऊंना ते आवडलं नाही. डीजे त्यांनी भाच्याला सांगून टाकला होता. "कोणी बिघडवलं ते मायला विचारा. बिघडलं एवढं खरं."

"एक वर्ष म्हणाला होतात. ते मी खाल्लं. त्याला त्याचं वर्ष द्या."

माणसं कुजबुजायला लागली. रामदासआबा, मंडळातले सगळ्यात जुने, म्हणाले की बाई बोलते त्यात खोट नाही. भाऊंनी जरा विचार केला. भाऊ दुकानदार आहेत, त्यांना कुठला माल परत घ्यायचा ते कळतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "बाकीच्यांना घेऊन अजून एक वर्ष गा, मास्तर. पण ही बाई नको. जिनं मायपुढे मुद्दाम खोडा घातला तिला रांगेत घ्यायची नाही. हा माझा शब्द."

मला ते बरोबरच वाटलं. मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी निघायला वळले.

"तिला काढलं तर मला जमणार नाही," सुकदेव म्हणाला.

"का? दुसरी बाई नाही का नवागामात?"

तो भाऊंच्या तोंडाकडे बघत होता. आमच्याकडे निम्मी माणसं लुमांच्या खडखडाटात कान घालवून बसलीत, पण तसं कोणी बोलत नाही. बोललं की दुसऱ्या दिवशी कारखान्यात दुसरा माणूस. सुकदेवच्या घड्यांचं कामही त्याच कारखान्यातलं, आणि त्या बैठकीत त्या कारखान्याचे दोघं बसलेले.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. त्याच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून. "बायांचे आवाज येत नाहीत. हिचा येतो. आवाज चांगला आहे म्हणून नाही, जाड आहे म्हणून. बाई भांडकुदळ आहे. माझं गाणं तिनं मातीत घातलं. पण ती मागे उभी असली तर बाकीच्या कुठे आहेत ते मला कळतं."

मग रामदासआबांनी कानामागे हात धरला आणि शेजारच्याला विचारलं, "काय म्हणतोय तो?"

पहिल्यांदा कारखान्याचे ते दोघं हसले. मग सगळेच. मास्तराला हसणं दिसलं, कारण कळलं नाही. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि तोंड मोठं करून सांगितलं, "आबांनाही ऐकू येत नाही."

"मग त्यांना पुरुषांच्या खालच्यात घ्या," तो म्हणाला.

भाऊंनी शेवटी एक वर्ष दिलं. देवीकडे पाठ करायची नाही, हे कायम. विसर्जनाला डीजे, हेही कायम. आणि बाई मास्तराच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी राहील, म्हणजे पुन्हा खोडी केली तर सगळ्यांना दिसेल.

जाताना मी त्याला म्हणाले, "भांडकुदळ कोणाला म्हणालास?"

"आवाज जाड आहे हेही म्हणालो," तो म्हणाला. "ते नाही का लागलं?"

त्यानंतरच्या श्रावणात आम्ही गायलो. फार काही झालं नाही. गाणं जिथून सुरू झालं तिथून जिथे संपायचं तिथपर्यंत गेलं, मध्ये कोणी पडलं नाही, आणि हात आणि गाणं एकदमच थांबले. भाऊ म्हणाले, बरं आहे. डीजेनं सोमवारी सगळ्यांचे उरलेसुरले कान घालवले. पार्वती आली होती. माझ्याशी बोलली नाही, पण शेडमधल्या माठाचं पाणी प्यायली, आणि ते मीच भरलेलं होतं.

खड्यांचं काम मी सोडलं, आता साड्यांचे धागे कापते. हात बरे झाले. ज्योती माझ्याच ग्लासनं पाणी पिते. मी देत नाही, तीच उचलते. कागद पुन्हा भिंतीवर लागला. माझ्या नावापुढचा तो शब्द खोडून खालचा लिहू का, असं मास्तरानं विचारलं होतं. मी नको म्हणाले. लिहिलंय ते राहू दे, नव्या पोरी आल्या की वर्षा वाचून दाखवते आणि मला त्यांचे चेहरे बघायला मिळतात.

त्यानं माझी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही. मावशी तो अजूनही म्हणत नाही.

तालमीला मी त्याच्या पाठीमागे हातभरावर असते. त्याची मान मला पाठ झाली आहे, डावीकडे एक तीळ आहे, केस कापायला झालेले असतात. आणि कधी कधी, आठवड्यातून एकदा, मी चौथ्या घरात थांबत नाही. मुद्दाम पाचव्यापर्यंत ओढते. बाकी कोणाच्या लक्षातही येत नाही एवढंच.

मग त्याची मान तशीच कलते, हात थांबतो, आणि तो न वळता ओरडतो, "मालतीबाई, चौथं घर. किती वेळा सांगायचं, डोकं आहे का खोबरं?"

एवढं ऐकलं की माझा आवाज अजून त्याला पोचतो हे कळतं, आणि मी माझ्या तीन सुरांत परत जाते. येत्या श्रावणापर्यंत तरी शिव्या यायला हरकत नाही.